एक घर खाली

नेव्हिल,

हे मी मराठीत लिहितेय. तुला त्यातलं अक्षर वाचता येणार नाही, तेव्हा आधी तो पाय हलवायचा थांबव. "माझ्यावर लिहायचंय काय? हयातभर मासे कापले, उरलेल्या वेळात गिटार वाजवली," असं तू कुंपणापलीकडून म्हणालास आणि टोमॅटोंना पाणी घालायला वळलास. लिहायचंय ते हे, की पुढे उभा राहून जो गातो त्याच्यावर सगळे लिहितात, बाजूला उभा राहून जो वाजवतो त्याचं नाव विचारायला लागतं, आणि मला ते पटत नाही. तुझी बाजू घेणार नाही. गॉर्डीचीही नाही. तो आता भांडायला यायचा नाही, म्हणून तर मुळीच नाही. टेपची गोष्ट सांगणार आहे आणि त्या सुईचीही. रागवायचं तर आत्ताच रागवून घे.

नेव्हिल ड्रूरी ग्रिम्स्बीच्या धक्क्यावर हॅडॉक कापायचा. सकाळचा लिलाव आटोपला की मासळीच्या पेट्या सरकत त्याच्या टेबलापर्यंत यायच्या, आणि दुपारी एकपर्यंत हात बर्फाच्या पाण्यात. डोक्यापासून शेपटीपर्यंत सुरी एकदाच फिरवायची, काट्यावर मांस राहता कामा नये. त्याच्या काट्यावर राहायचं नाही. घरी येऊन तो सोडा घातलेल्या गरम पाण्यात हात बुडवून बसायचा, बोटं वळायला लागली की गिटार घ्यायचा. वास मात्र जायचा नाही. लिंबू झालं, व्हिनेगर झालं, शेवटी बायको डोरीन म्हणाली, "राहू दे, त्याशिवाय तू कुठल्या खोलीत आहेस ते कळायचं नाही मला."

स्वस्थ बसणं त्याला जन्मात जमलं नाही. जेवताना पाय हलणार, चर्चमध्ये हलणार, बसच्या रांगेत उभा असला तर टाच आपटणार. सुरी हातात असली की पाय थांबत नसे पण हात थांबायचा, एवढंच.

गॉर्डन ऑस्गर्बी त्याला सत्तर साली भेटला, एका लग्नाच्या जेवणात. गॉर्डन टायरच्या दुकानात कामाला होता आणि नवरीचा चुलतभाऊ म्हणून गात होता. नेव्हिलला गिटारीसाठी आयत्या वेळी बोलावलेलं. दोन गाणी झाल्यावर गॉर्डन त्याच्याकडे न बघता म्हणाला, "मित्रा, तुझ्या अंगाला मासळीचा वास येतो."

"तुझ्या गाण्याला येतो," नेव्हिल म्हणाला.

गॉर्डन खुर्ची धरून हसला. पुढच्या रविवारी तो नेव्हिलच्या दारात हजर. तिथून पस्तीस वर्षं दर रविवारी दोघांपैकी एक दुसऱ्याच्या दारात उभा असायचा, बहुतेक वेळा भांडायला.

बहात्तरच्या सुमाराला इंग्लंडातल्या पोरांना काय झालं कोण जाणे. काल बापाच्या जुन्या कोटात फिरणारे आज पापण्यांवर रुपेरी रंग, गालांवर चमकी आणि पायांत वीतभर उंच टाचांचे बूट घालून गायला लागले. ग्लॅम रॉक म्हणायचे त्याला. गॉर्डनच्या अंगात हे कापडात रंग भिनावा तसं भिनलं. त्याने आईच्या बैठकीच्या खोलीतल्या सॅटिनच्या पडद्यांची विजार शिवून घेतली आणि नाव घेतलं लिओ सॅटिन. आई महिनाभर उघड्या खिडकीने बसली. नेव्हिलला त्याने सांगितलं, तूही रंगव.

"माझा बाप ट्रॉलरवर आहे," नेव्हिल म्हणाला. "तो मला समुद्रात टाकील."

"तुझा बाप तीन आठवडे आइसलंडकडे असतो. तो परत यायच्या आत धुऊन टाकू."

नेव्हिलला स्वतःचे डोळे रंगवता यायचे नाहीत. मान स्थिर राहायची नाही, रंग कानापर्यंत जायचा. म्हणून कार्यक्रमाआधी क्लबच्या संडासात पालथ्या घातलेल्या बिअरच्या क्रेटवर त्याला बसवून गॉर्डनच ब्रश फिरवायचा. एका हाताने हनुवटी धरायची आणि म्हणायचं, "वर बघ. श्वास घे. हललास तर तुझ्या सासूसारखा दिसशील." त्या दोन मिनिटांत नेव्हिलचा पाय थांबायचा. डोरीनने एकदा दारातून पाहिलं. मला म्हणाली, "लग्नात पाद्र्यासमोर थांबला नव्हता तो पाय."

दोघांचं काम असं वाटलेलं. चाल नेव्हिलची, शब्द गॉर्डनचे. बोलायचं गॉर्डनने, गाडी चालवायची नेव्हिलने. मागे बास गिटारवर लेन स्टँप आणि ड्रमवर मॉरिस. कामगारांच्या क्लबात गायचे. तिथे गाण्याच्या ऐन मधोमध सेक्रेटरी माईक ओढून घेऊन सांगायचा, "पाई आल्या आहेत, गरम आहेत, रांग लावा," आणि लिओ सॅटिन एक हात हवेत ठेवून मटण भरून भाजलेल्या त्या पाई वाटून होईपर्यंत उभा. नेव्हिल तोवर तेच दोन सूर फिरवत राहायचा, न कंटाळता. म्हणायचा, हॅडॉकच्या शंभराव्या पेटीपेक्षा बरं.

त्र्याहत्तर साली 'शनिवारची राणी' हे त्यांचं गाणं देशाच्या खपाच्या यादीत चौदाव्या नंबरापर्यंत गेलं. शेवटी एक उंच सूर होता, गॉर्डन तो धरून ठेवायचा आणि नेव्हिलची गिटार त्याच्याखाली शिडीसारखी उभी राहायची. लंडनला टीव्हीवर बोलावणं आलं. तेव्हा टीव्हीचा एक रिवाज होता. संगीतकारांच्या युनियनचं म्हणणं, रेकॉर्ड जशीच्या तशी लावायची नाही. वादकांनी त्याच आठवड्यात, तीन तासांत, साथ पुन्हा वाजवून नवी टेप करायची आणि गायकाने तिच्यावर समोर गायचं. सगळे बँड काय करायचे? युनियनच्या माणसाला बिअर पाजायला न्यायचे आणि तेवढ्यात जुनीच टेप सरकवायचे. हे सर्वांना माहीत होतं, युनियनच्या माणसालाही. ग्रिम्स्बीच्या या चौघांना तेवढं कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी खरंच वाजवलं. तीन तासांत, एका दमात, आणि नेव्हिलने त्या दिवशी असं वाजवलं की काचेपलीकडची माणसं चहा खाली ठेवून उभी राहिली. दुसऱ्या कडव्यात त्याचं बोट चुकीच्या तारेवर गेलं, आणि तो तिथूनच घसरत बरोबर जागी आला. ती चूक मूळ गाण्यापेक्षा सुंदर होती. कार्यक्रम झाल्यावर टेपचं कुणालाच काही नव्हतं. नेव्हिलने ती बिस्किटाच्या डब्यात घातली आणि घरी आणली.

पुढचं गाणं चाललं नाही. त्याच्या पुढचंही नाही. नेव्हिल सोमवारी धक्क्यावर होता, फोरमनला सांगितलं, पाठ धरली होती. गॉर्डन वर्षभर फोनजवळ बसला आणि मग टायरकडे गेला. शनिवारचे क्लब तेवढे राहिले.

शहात्तरमध्ये स्कन्थॉर्पच्या एका क्लबात गॉर्डनचा तो उंच सूर फाटला. सिगारेटी, दुसरं काय. पहिल्या रांगेतला एक म्हातारा पाई खाता खाता म्हणाला, "मांजर बाहेर काढा रे कुणीतरी." परतताना गॉर्डन गाडीत चमकी पुसत राहिला. क्लीथॉर्प्स आल्यावर म्हणाला, "मी थांबतो, नेव्ह. तो सूर नाही तर मी टायरवाला आहे."

नेव्हिलने त्याला दारात सोडलं. घरी जाऊन त्याने गिटारीच्या साही तारा अर्धा अर्धा सूर उतरवल्या. आपल्या पेटीवर सांगायचं तर गाणं पांढरी सहामध्ये होतं, ते काळी चारमध्ये आलं. लेनला बाजूला घेऊन सांगितलं, "एक घर खाली. तोंड बंद." मॉरिसला सांगायची गरज नव्हती, ड्रमला पट्टी नसते. पुढच्या शनिवारी गॉर्डनने सूर लावला, धरला आणि टाळ्या होईपर्यंत सोडला नाही. गाडीत म्हणाला, "नुसती सर्दी होती, बघ."

ऐंशीमध्ये पुन्हा एक घर. सत्त्याऐंशीत आणखी एक. तारा सैल पडून भणभणायला लागल्या तशा नेव्हिलने जाड तारा आणल्या, त्या दाबताना बोटांना घट्टे पडले. गॉर्डन बारमध्ये सांगायचा, "माझ्या वयाचे सगळे बेडकासारखे गातात. माझा सूर जिथे होता तिथेच आहे." लेन ग्लासात बघायचा. नेव्हिलचा पाय हलायचा.

डोरीन एकदा त्याला म्हणाली, "हा उपकार आहे का फसवणूक?"

"गाडी चालवताना मी त्याला गियर बदलल्याचं सांगतो का?" नेव्हिल म्हणाला.

चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीत लीड्सहून पत्र आलं. टीव्हीवर जुन्या गाण्यांचा कार्यक्रम होता. लिओ सॅटिन यांनी यावं, त्र्याहत्तरच्या त्या मूळ साथीवर गावं, टेप आपल्याकडे असल्याचं कळतं, ती घेऊन यावी. वादकांची गरज नाही. गॉर्डन पत्र घेऊन धावत आला. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, केस उडालेले, चष्मा लावलेला. दारातच त्याने ते दोनदा वाचलं. नंतर तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा शेवटचं वाक्य त्याला दिसलं आणि त्याचा आवाज खाली आला.

"तुझं नाव नाही यात."

"माझी गिटार आहे ना," नेव्हिल म्हणाला. "तिकिटाचे पैसे वाचले त्यांचे."

"वाईट वाटलं असलं तर सांग. मी जात नाही."

"जा रे बाबा. तुझी नव्या पडद्यांची विजार होईल का, ते बघ आधी."

गॉर्डन गेला आणि नेव्हिल उठून उभा राहिला. बसला, पुन्हा उठला. परसात गेला, परत आला. डोरीनने बटाटे सोलणं थांबवलं नाही. "सांगून टाक त्याला," म्हणाली. "ती टेप जुन्या पट्टीतली आहे. सगळ्या देशासमोर मांजर ओरडेल."

"काय सांगू? तुला बोलावलंय, मला नाही, आणि जाऊ नकोस, कारण तुला गाता येत नाही? तो काय समजेल?"

"तू जळतोस असं समजेल."

"आणि तसं नाही, हे मलाही शंभर टक्के सांगता येत नाही, डोरीन. तीच तर पंचाईत आहे."

दोन आठवडे तो माणूस जागेवर नव्हता. धक्क्यावरून घरी यायच्या ऐवजी समुद्राच्या भिंतीवरून पार टोकापर्यंत चालत जायचा आणि परत. तीनदा गॉर्डनच्या गल्लीत जाऊन वळून आला. एकदा गॉर्डनने खिडकीतून पाहिलं आणि ओरडला, "कुत्रा हरवलाय का तुझा?" नेव्हिलकडे कुत्रा नव्हता. तो हो म्हणाला.

मग तो लेनकडे गेला. लेन आता टीव्ही दुरुस्त करायचा, त्याच्या गॅरेजात जुनं टेपचं यंत्र होतं. नेव्हिलने डबा ठेवला. "पुन्हा वाजवायची," म्हणाला. "तीन घरं खाली. हुबेहूब."

"मूर्ख आहेस," लेन म्हणाला. "नवी टेप बघितली की त्यांना लगेच कळेल. रीळ, डबा, वरचं लेबल, सगळं एकवीस वर्षांचं पाहिजे."

"म्हणूनच याच टेपवर करायची."

लेनने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "वरून केलं की खालचं पुसलं जातं. ठाऊक आहे ना? ही एकच आहे. तुझं यापेक्षा चांगलं दुसरं काही नाही, नेव्ह. मागे नाही आणि, राग मानू नकोस, पुढेही होणार नाही."

"ठाऊक आहे."

चार रविवार लागले. पहिल्या तीन रविवारी त्याने नुसतं ऐकलं आणि आपलंच वाजवणं शिकला. चोवीस वर्षांच्या पोराची बोटं कशी उडत होती ते पंचेचाळीसाव्या वर्षी उतरवायचं, आणि त्यात डाव्या पहिल्या बोटाचं टोक चौऱ्याऐंशीत सुरीखाली येऊन बधिर झालेलं. सगळ्यात छळलं त्या चुकीने. चूक मुद्दाम करायला गेलं की ती चूक वाटेना, शहाणपणा वाटे. मॉरिस कंटाळून म्हणाला, "सोड ना ती, कुणाला आठवतेय?"

"गॉर्डीला. तिथे तो हसतो. नसली तर त्याचं पुढचं वाक्य चुकेल."

चौथ्या रविवारी त्यांनी जुनी टेप एकदा शेवटची ऐकली.  मग लेनने बटण दाबलं आणि तिघांनी तिच्यावरून वाजवलं. चूक बरी आली. हुबेहूब नव्हे, बरी.

लीड्सला जायच्या दिवशी सकाळी गॉर्डन टेप घ्यायला आला. हातात रंगांची डबी. "चष्मा काढला की मला डोळा दिसत नाही आणि लावला की रंगवता येत नाही," म्हणाला. "तिथल्या पोरींच्या हाती नाही देणार मी. तू कर."

नेव्हिलने त्याला स्वयंपाकघरात स्टुलावर बसवलं. हनुवटी धरली. रोज सुरी चालवणारा हात, ब्रश सरळ गेला. गॉर्डनचे डोळे मिटलेले, पापण्या पातळ झालेल्या, आणि इतक्या जवळून नेव्हिलला दिसलं, की त्याच्या गळ्याची शीर उडतेय. घाबरला होता तो.

"नेव्ह," डोळे मिटूनच गॉर्डन म्हणाला, "सूर लागेल ना?"

सांगायची जागा हीच होती. डोरीन चुलीशी होती, तिने वळून पाहिलं नाही पण हात थांबवला. नेव्हिलने दुसऱ्या पापणीला रंग लावला. "हलू नकोस," म्हणाला. "तुझ्या सासूसारखा दिसशील."

"मला सासू नाही."

"म्हणूनच वाचलास. लागेल."

शुक्रवारी संध्याकाळी नेव्हिलच्या घरी लेन, मॉरिस, डोरीन, आणि मधे टीव्ही. निवेदक म्हणाला, "आता तुम्ही ऐकाल ती गिटार एकवीस वर्षांपूर्वीची आहे, चोवीस वर्षांच्या नेव्हिल ड्रूरीची." मॉरिसने बिअर नाकातून काढली. गॉर्डन आला, पोट आत ओढून, रुपेरी डोळे. त्या चुकीपाशी बरोबर हसला. शेवटचा सूर त्याने लावला आणि असा धरला की टीव्हीतली माणसं उभी राहिली. नेव्हिलला तो सूर ऐकूच आला नाही. त्याचं सगळं लक्ष आपल्या गिटारीकडे, एक जागा किंचित उशिरा आली होती. डोरीन म्हणाली, "रडतोयस का?" तो म्हणाला, "दुसऱ्या कडव्यात ढिलाई झालीय."

पाऊण तासाने फोन वाजला. कार्यक्रम आधीच टिपलेला होता, गॉर्डन आपल्या घरीच होता.

"बघितलंस?"

"बघितलं. पोट लपत नाही."

"सूर ऐकलास?"

"ऐकला."

 मग गॉर्डन म्हणाला, "नेव्ह, एक विचारू? त्र्याहत्तरमध्ये त्या सुरासाठी मला टाचा उचलाव्या लागायच्या. वीतभर उंच बूट, त्यांच्यावरून आणखी वर. लीड्सला मी सपाट उभा होतो."

"वय झालं. गळा पिकतो माणसाचा."

"असेल," गॉर्डन म्हणाला. "आपली जुनी रेकॉर्ड आहे माझ्याकडे. प्लेयरही आहे. आईने धूळ पुसताना सुई मोडली ती मोडलीच, मी कधी लावली नाही. फ्रीमन स्ट्रीटवर मिळते ना? शनिवारी तू बाजारात जातोस. सुई आण मला एक. एकदा शेजारी शेजारी लावून बघू, तेव्हाचा सूर आणि आत्ताचा."

"आणतो," नेव्हिल म्हणाला.

रविवारी गॉर्डनने दार उघडलं आणि आधी हातांकडे बघितलं. नेव्हिलच्या हातात कागदात गुंडाळलेले दोन हॅडॉक.

"सुई?"

"दुकान बंद होतं."

"शनिवारी?"

"त्याच्या बहिणीचं लग्न होतं."

पुढच्या रविवारी सुया संपल्या होत्या. त्याच्या पुढच्या रविवारी दुसऱ्याच मापाच्या आल्या होत्या. उन्हाळ्यात दुकानदाराचा हर्निया. गॉर्डन ऐकून घ्यायचा, मासे आत न्यायचा, कढई ठेवायचा. प्लेयरवर त्याने जिरॅनियमची कुंडी ठेवली होती. रविवार आला की ती उचलून खिडकीत ठेवायचा आणि नेव्हिल गेला की परत प्लेयरवर. क्लबात ते गात राहिले, सत्त्याण्णवमध्ये आणखी एक घर खाली. कुठल्याही शनिवारी गाडीत दोघांनी सुईचा विषय काढला नाही. तो फक्त रविवारचा.

दोन हजार तीनमध्ये फ्रीमन स्ट्रीटवरचं ते दुकान कायमचं बंद झालं. नेव्हिलने येऊन सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा इतका हलका झाला होता, की गॉर्डन बघतच राहिला.

"बरं झालं," गॉर्डन म्हणाला. "त्या बिचाऱ्याच्या बहिणीची किती लग्नं लावशील?"

नेव्हिलचा पाय सुरू झाला. गॉर्डनने त्याच्यापुढे चहा ठेवला, वाटाण्यांची वाटी ठेवली, व्हिनेगर ठेवलं.

"लिंकनला मिळते म्हणतात," तो म्हणाला. "मोठं दुकान आहे. सगळ्या मापांच्या."

"लिंकन लांब आहे."

"तासाभराची तर गाडी. जाशील?"

"जाईन की," नेव्हिल म्हणाला. "या आठवड्यात नाही. पुढच्या."

"घाई नाही," गॉर्डन म्हणाला आणि कुंडी उचलून परत प्लेयरवर ठेवली.